‘संघटक’ आणि ‘डूला’ : एका व्यवसायांतराचा शब्दार्थविचार

व्यवसाय बदलला की मनुष्यास नवे नाव प्राप्त होते. परंतु नाव पालटल्याने कार्याचे अंतःस्वरूप पालटतेच असे नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वस्त्यावस्त्यांतून लोकसंघटनेचे कार्य करणाऱ्या कित्येक स्त्रिया गेल्या काही दशकांत ‘डूला’ या व्यवसायाकडे वळल्या. संघटकाचे क्षेत्र सभा, मोर्चे व वाटाघाटी यांचे. डूलाचे प्रसूतिकक्षाच्या चार भिंतींतले. ही दोन क्षेत्रे परस्परांना कोठे मिळतात, हे या व्यवसायांच्या नावांवरून बऱ्याच अंशी उमगते.

‘डूला’ हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा प्राचीन अर्थ ‘दासी’. मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्तनपानविषयक ग्रंथात नवमातेची काळजी घेणाऱ्या स्त्रीसाठी तो योजला. पुढे प्रसूतिकाळात अखंड सोबत करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रीस हे नाव रूढ झाले, आणि १९९२ मध्ये उत्तर अमेरिकेतील डूलांची ‘डोना’ ही संस्था स्थापन झाली. अर्थोत्कर्षाचे हे ठळक उदाहरण होय.

डूला म्हणजे सुईण नव्हे, हे मराठी वाचकाने प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. ‘सुईण’ हा शब्द प्रसवक्रियेशी निगडित आहे आणि सुईण बाळंतपण करते. डूला नाडी पाहत नाही, औषध देत नाही, मूल झेलीत नाही. ती धीर देते, कंबर चोळते, श्वासाची लय राखावयास साहाय्य करते आणि चाललेल्या गोष्टी समजावून सांगते. इंग्रजीतील ‘मिडवाइफ’ या शब्दाचा मूलार्थ ‘स्त्रीसोबत असणारी’ असा आहे. मिडवाइफ वैद्यकीय अधिकाराची धनीण झाली, आणि तिच्या नावातील ‘सोबत’ जणू डूलाच्या वाट्यास आली. या सोबतीचे मोल केवळ भावनिक नाही. २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेत १७ देशांतील २६ चाचण्या व १५,८५८ स्त्रिया यांचा विचार केला आहे. अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, तर शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी आढळले.

संघटक या क्षेत्राकडे वळण्याचे कारण सामाजिक विषमतेत सापडते. २०२१ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ६९.९ होते, तर श्वेतवर्णीय मातांचे २६.६. तत्पूर्वीच, १९९४ मध्ये, शिकागो येथे एकत्र आलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी ‘प्रजनन-न्याय’ ही संकल्पना मांडली होती. मूल होऊ देणे, न होऊ देणे आणि झालेले मूल सुरक्षित परिस्थितीत वाढविणे, हे तिन्ही हक्क तीत एकत्र आले. या दृष्टीने पाहता प्रसूतिकक्ष हाही सार्वजनिक न्यायाचाच प्रांत ठरतो.

कार्यपद्धतीतही साम्य आहे. शिकागोचे संघटक सॉल अलिन्स्की यांच्या परंपरेत एक नियम दृढ आहे : जे लोक स्वतः करू शकतात, ते त्यांच्याकरिता कधीही करू नये. डूलानेही प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या वतीने बोलू नये, तिला स्वतः बोलता येईल असा अवकाश निर्माण करावा, अशी अपेक्षा असते. ऐकून घेणे, निर्णय लादू न देणे आणि संस्थेच्या शिस्तीत वावरूनही व्यक्तीचा पक्ष न सोडणे, हे गुण दोन्हीकडे सारखेच लागतात. भेद आहे तो परिमाणाचा. संघटक शेकडोंचा विचार करतो. डूला एका रात्री एकाच स्त्रीजवळ बसते. समूहाच्या विजयाची सवय झालेल्या व्यक्तीस ही मर्यादा स्वीकारणे सोपे नाही. तिने आपली राजकीय मते कळा सोसणाऱ्या स्त्रीवर लादली, तर सोबतीचे प्रयोजनच नष्ट होते.

नावाविषयीचा वाद येथेच उद्भवतो. ‘दासी’ हा मूलार्थ गुलामगिरीचा इतिहास असलेल्या समाजात बोचतो. म्हणून काही जणी ‘बर्थ वर्कर’ ही संज्ञा पसंत करतात. इंग्रजी ‘वर्कर’ या एका शब्दात जे सामावते, ते मराठीत दोन शब्दांत विभागते : ‘कार्यकर्ती’ आणि ‘कामगार’. पहिलीस मानधन, दुसरीस वेतन. डूलाचे काम अवेळी बोलावणे येण्याचे व अनिश्चित प्राप्तीचे. त्यामुळे हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ पासून अल्प उत्पन्न असलेल्यांच्या शासकीय आरोग्य-योजनेत डूलासेवेचा समावेश केला, तो या प्रश्नावरील एक उपाय होय.

आपल्याकडे २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘आशा’ योजनेतही हीच गुंतागुंत आढळते. या लघुनामातील शेवटचे अक्षर ‘अ‍ॅक्टिव्हिस्ट’ म्हणजे ‘कार्यकर्ती’ या शब्दाचे आहे. गर्भवतीस रुग्णालयात सोबत करणे हे आशांच्या कामांपैकी एक; पण त्यांना कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानण्यात आले. २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी मोबदल्यासाठी संप केला, तेव्हा ‘कार्यकर्ती’ या गौरवपर शब्दाआड दडलेले ‘कामगार’पण उघड झाले.

सारांश, संघटनकार्यातून डूला होणारी स्त्री आपले कार्य सोडून देत नाही, ते एका खाटेपाशी आणून ठेवते. मात्र सोबतीस सेवा म्हणून गौरवावयाचे आणि श्रम म्हणून तिचे मोल नाकारावयाचे, अशी समाजाची वृत्ती राहिली, तर ‘डूला’ या शब्दाचा मूलार्थ पुसला गेला असे म्हणता येणार नाही.