बिंदू चौकातले दोन पुतळे आणि एक चित्रकार

आमच्या बुरोंडीला येणारा पाहुणा हल्ली आधी परशुरामाच्या पुतळ्याचा रस्ता विचारतो. अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा असलेला तो उंच पुतळा लांबून दिसतो आणि जागा फोटोला चांगली आहे. मुंबईहून आलेले आपले चाकरमानीही पोराबाळांना घेऊन तिकडे एक फेरी मारून येतात. अशाच एका फेरीहून परतताना वाडीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "काका, आपल्या बाबासाहेबांचा पहिला पुतळा कुठे उभा राहिला? आणि तो केला कोणी?"

आम्ही गप्प झालो. दर १४ एप्रिलला विहारासमोर माईक हातात धरून बोलणारे आम्ही, पण या साध्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येत नव्हते.

हा मुलगा चित्रे काढतो. जयंतीला स्टेजमागे जो पडदा लागतो त्यावर तथागत आणि बाबासाहेब यंदा त्यानेच रंगवले. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा त्याने 'ए' श्रेणीत पास केली. त्याचे वडील मुंबईत खाजगी नोकरीत. त्यांनी गणपतीच्या सुट्टीत येऊन आमचा सल्ला विचारला, की पोरगा चित्रकलेच्या कॉलेजात जातो म्हणतो, काय करावे? आम्ही कचेरीत आकडे मांडणारी माणसे. हिशेब करून सांगून टाकले, "चित्रे काढून पोट भरत नाही. आयटीआयला घाला." वाडीत आमच्या शब्दाला थोडा मान आहे, म्हणून तो शब्द मुलाला जास्त लागला असणार. पुतळ्याचा प्रश्न त्याने त्यानंतर विचारला, हे आम्हाला पुढे लक्षात आले.

उत्तर सापडले ते कोल्हापुरात. नात्यातल्या एका मंगल परिणयासाठी आम्ही सहकुटुंब तिकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी बिंदू चौकात गेलो. जुन्या तटबंदीजवळचा हा चौक म्हणजे कोल्हापूरच्या सभा-मोर्चांचे ठिकाण. तेथे दोन अर्धपुतळे आहेत. एक क्रांतिबा जोतीराव फुले यांचा, दुसरा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा. हे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी उभे राहिले. तारीख वाचकांनी नीट पाहावी. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणजे बाबासाहेब हयात असताना, त्याच्या सहा वर्षे आधी, कोल्हापूरने त्यांचा पुतळा भर चौकात बसवला. बाबासाहेबांचा हा पहिलाच पुतळा मानला जातो. दिल्लीत संसदेच्या आवारात शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा उभा राहायला २ एप्रिल १९६७ उजाडावे लागले.

बिंदू चौकातला पुतळा घडवला कोल्हापूरचे शिल्पकार बाळ चव्हाण यांनी. आणि ज्यांनी पुढाकार घेऊन तो उभा केला ते भाई माधवराव बागल. बागल म्हटले की लोकांना प्रजा परिषद आठवते, संयुक्त महाराष्ट्राचा लढा आठवतो. पण हा माणूस शिक्षणाने चित्रकार होता, हे आम्हाला माहीत नव्हते. आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

माधवरावांचा जन्म २८ मे १८९५ चा. वडील खंडेराव बागल वकील, सत्यशोधक चळवळीतले नामवंत कार्यकर्ते आणि 'हंटर' या पत्राचे संपादक. अशा घरातल्या मुलाने वकिली करावी, मामलेदार व्हावे, असेच कोणीही म्हणाले असते. माधवराव मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाऊन चित्रकला शिकले. ते निसर्गचित्रे काढत, व्यक्तिचित्रे काढत. त्या काळचे कोल्हापूर कलावंतांचे माहेरघरच होते. छत्रपती शाहू महाराजांनी मल्लांना आणि गवयांना आश्रय दिला, तसाच चित्रकारांनाही दिला. आबालाल रहिमान हा मुसलमान चित्रकार कोटितीर्थाच्या काठी राहून पाणी, झाडे आणि उन्हे रंगवत असे. बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले. कोणत्याही कला-शाळेत न जाता त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, पुतळे घडवले, सिनेमाचा कॅमेरा स्वतः जोडून तयार केला. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकार शेतकऱ्याची जमीन कशी गिळतो त्याची ही गोष्ट. खोतीचे चटके ज्यांच्या आजा-पणज्यांनी सोसले त्या आपल्या कोकणातल्या लोकांना ती वेगळी समजावून सांगायला नको. खोती नष्ट करण्याचे बिल बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात आणले ते १९३७ साली, 'सावकारी पाश'नंतर १२ वर्षांनी.

युरोपात पाचशे वर्षांपूर्वी असाच कलावंतांचा काळ होऊन गेला. इटलीतल्या फ्लॉरेन्स आणि रोम या शहरांत एकाहून एक चित्रकार, शिल्पकार निपजले. त्या काळाला मराठी पुस्तकांत 'प्रबोधनकाळ' म्हणतात. आपल्या वाडीत प्रबोधन म्हणजे जयंतीच्या रात्रीचा गायन पार्टीचा कार्यक्रम! पण शब्द एकच आहे, आणि त्याचा धातूही 'बुध्' हाच, जो बुद्धाच्या नावात आहे. प्रबोधन म्हणजे जागे होणे.

त्या काळातला मायकेलअँजेलो (१४७५ ते १५६४) लहानपणी चित्रे काढी म्हणून वडील आणि चुलते त्याला मारत, असे त्याच्या चरित्रात लिहिलेले आहे. हाताने काम करणे त्यांना घराण्याला कमीपणा आणणारे वाटे. हे वाचले तेव्हा आम्ही थोडे ओशाळलो. आम्ही मारले नव्हते, पण सल्ला तोच दिला होता. हाच मुलगा पुढे पोपच्या हुकमावरून रोमच्या सिस्टाईन चॅपेलचे छत १५०८ ते १५१२ अशी चार वर्षे रंगवत राहिला. नंतर त्याच प्रार्थनागृहाच्या भिंतीवर त्याने 'अंतिम न्याय' हे चित्र काढले, ते १५४१ साली पुरे झाले. तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता. पण त्या चित्रात त्याने बहुतेक सारी माणसे उघडी दाखवली. अंगावर वस्त्रच नाही, तर राजा कोण आणि भिकारी कोण, हे ओळखायचे कसे? धर्मगुरूंना ते सहन झाले नाही. मायकेलअँजेलोच्या मृत्यूनंतर दुसऱ्या एका चित्रकाराला बोलावून त्या माणसांना कपडे रंगवून घेतले. लोकांनी त्या बिचाऱ्याचे नाव 'चड्डीवाला' ठेवले, तेच त्याला चिकटले. कलावंताची श्रद्धा एक आणि मालकाची दुसरी असली की असे होते. पैसा मालकाचा, भिंत मालकाची.

माधवराव बागलांची गोष्ट येथे वेगळी होते. त्यांनी दरबारात मान देणाऱ्यांची चित्रे काढत आयुष्य काढले असते तर कोणी दोष दिला नसता. पण ते सत्यशोधक विचारात वाढलेले, त्यात समाजवादाची भर पडली. संस्थानातल्या रयतेचे हाल पाहून त्यांनी कुंचला बाजूला ठेवला. १९३९ साली प्रजा परिषद निघाली तेव्हा ते पुढे होते. तुरुंग सोसला. जन्माने मराठा असूनही जातीचा अभिमान मिरवला नाही. देवाधर्माच्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीवर त्यांनी उघड लिहिले आणि बोलले. 'जीवनप्रवाह' हे आत्मचरित्रपर पुस्तक त्यांनी लिहिले. 'कोल्हापूरचे कलावंत' हेही त्यांचेच. इटलीत व्हासारी नावाच्या चित्रकाराने १५५० साली आपल्या देशातल्या कलावंतांची चरित्रे लिहून ठेवली, म्हणून जगाला ती माणसे कळली. आपल्याकडे ते काम बागलांनी आपल्या शहरापुरते केले.

आणि १९५० साली त्यांनी पुतळे कोणाचे उभारले? त्या डिसेंबरात बाबासाहेब केंद्रात कायदामंत्री होते. राज्यघटना लागू होऊन वर्षही झाले नव्हते. हिंदू कोड बिलावरून सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली होती. सवर्ण समाजातल्या कार्यकर्त्याला बाबासाहेबांचा पुतळा बसवून तेव्हा मते मिळणार नव्हती, की मानपत्र मिळणार नव्हते. शिवाय शेजारी बसवले ते जोतीरावांना. बाबासाहेब बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू सांगत. १९४६ चा 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ त्यांनी जोतीरावांनाच अर्पण केला. गुरू आणि शिष्य यांना एका चौकात शेजारी शेजारी बसवण्याची ही कल्पना चित्रकाराची आहे, असे आम्हाला वाटते. कोणासमोर कोणाला ठेवले की पाहणाऱ्याला काय कळेल, हे चित्रकारालाच सुचते.

आता कोणी म्हणेल, की बाबासाहेबांनीच व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. खरे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीला अधोगतीचा मार्ग म्हटले. आमच्याही वाडीच्या बैठकीत हा वाद होतो. मुंबई शाखा म्हणते मोठा पुतळा बसवू, गावची शाखा म्हणते आधी अभ्यासिकेचे छप्पर करू. आमचे मत छपराच्या बाजूचे आहे आणि ते अजून बदललेले नाही. पण हयात माणसाचा, ज्याला देव करणे अजून सुरू झालेले नाही अशा माणसाचा पुतळा बसवणे हे आम्हाला भक्तीचे काम वाटत नाही. 'आम्ही यांच्या बाजूचे आहोत' असे भर रस्त्यात सांगणे ते होते. ६ मार्च १९८६ रोजी माधवराव गेले. पुतळे अजून तेथेच आहेत. आम्ही गेलो तेव्हा दोन कॉलेजातल्या मुली बाबासाहेबांना हार घालून, वही उघडून कठड्याजवळ उभ्या राहिल्या होत्या. परीक्षा असावी.

परत आल्यावर मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. त्याने माधवरावांबद्दल ऐकून घेतले, पण त्याचे मन बाळ चव्हाणांवरच अडले. "पुतळा माती लावून आधी करतात ना काका? मग साचा? आणि ते नाव कोणालाच कसं माहीत नाही?" याही प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री मुंबईला त्याच्या वडिलांना फोन केला आणि आमचा सल्ला आम्ही परत घेतला. ते थोडे चिडले, आधी एक सांगता, आता दुसरेच, आणि त्यांचे बरोबर होते. फीची, राहण्याची काळजी त्यांनाच करायची आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा असते, शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, वडिलांच्या नावातली कागदावरची एक चूक आधी दुरुस्त करावी लागेल, हे सगळे आम्ही त्यांना सांगितले. दाखल्यांचे काम आम्ही अंगावर घेतले आहे. ते तरी आम्हाला येते.

मुलगा सध्या घरामागे चिकणमाती मळून ठेवतो आणि ओल्या गोणपाटाखाली झाकतो. पहिले डोके पावसात विरघळले. दुसऱ्याला चष्मा कसा बसवायचा, तेवढेच अडले आहे.