गोष्टीचा जामीन

पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांनी वेढलेल्या भिलार या गावी ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाने ‘पुस्तकांचे गाव’ वसविले, तेव्हा पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवण्यात आली आणि त्यांची मांडणी वाङ्मयप्रकारांच्या अनुक्रमाने करण्यात आली; कोणाच्या ओसरीवर कादंबरी, कोणाच्या माडीवर कविता, कोठे चरित्रे, तर कोठे दिवाळी अंक. मूळ कल्पना वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाची असली, तरी साहित्यप्रकारांनी माणसांच्या घरी बिऱ्हाडे करावीत हा थाट अगदी आपल्याकडचा आहे, आणि तो पाहून कोणाही वाचकाचा असा ग्रह व्हावा की हे प्रकार कायमचे ठरून गेलेले आहेत. परंतु भ्रमणध्वनीवर चार ओळींत संपणारी ‘अलक’, यूट्यूबवर भागाभागांनी येणारी मालिका, कानात सांगितली जाणारी श्राव्य कादंबरी, यांनी भिलारमध्ये कोणाचा उंबरठा ओलांडावा? या प्रश्नाचे उत्तर कपाटांपाशी सापडणार नाही. वाङ्मयप्रकार जन्मतो तो गोष्ट ज्या साधनाने माणसापर्यंत पोहोचते त्या साधनाच्या अटींतून, आणि त्याहूनही अधिक, त्या साधनाची जोखीम पत्करून गोष्टीला जामीन राहणाऱ्या माणसामुळे, असे माझे मत आहे. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ सातारा-सांगलीची शीव फारशी ओलांडण्याचे कारण नाही.

मराठी मुद्रणाची हकीकत सांगताना आपण बंगालमधील सेरामपूरचे आणि मुंबईचे नाव घेतो, मिरजेचे सहसा घेत नाही. पुण्याच्या दरबारी असलेला इंग्रज वकील मॅलेट याच्या खटपटीने तांब्याच्या पत्र्यावरील कोरणी शिकलेला एक तांबट पेशवाईच्या पडत्या काळात मिरजेस आला, आणि तेथील संस्थानिक गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ साली भगवद्गीता छापली गेली. एकेक अक्षर उलटे कोरावयाचे, या रीतीने सातशे श्लोक सिद्ध करण्यास कोणी भाविक द्रव्य देईल. परंतु जिला अद्याप एकही वाचक लाभलेला नाही अशा नव्या गोष्टीसाठी तेवढे तांबे आणि तेवढे डोळे कोण खर्ची घालणार? त्या साधनाने पूज्य ग्रंथ तेवढा पेलला. नव्या कथेला सुट्या खिळ्यांच्या स्वस्ताईची वाट पाहणे भाग होते.

पुढे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आज्ञेवरून विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले. पदे सूत्रधाराने म्हणावयाची आणि पात्रांनी भाषणे आयत्या वेळी रचावयाची, अशी ती पद्धत. संहिता म्हणून छापील कागद हाती नव्हता. खर्च दरबारचा असल्यामुळे खेळ केव्हा संपावा याची चिंता कोणास नव्हती. परंतु १८५१ मध्ये अप्पासाहेब निवर्तले, आश्रय सुटला, आणि १८५३ मध्ये भाव्यांनी मुंबईस ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. तिकीट हेही एक तंत्रच होय, हे आपण विसरतो. पैसे मोजून बसलेल्या प्रेक्षकास वेळेवर पडदा उघडण्याची आणि निश्चित शेवटाची मागणी करण्याचा हक्क प्राप्त होतो. वर्तमानपत्रातील जाहिरातीत खेळाचे नाव आगाऊ द्यावे लागते, म्हणजे खेळाला आगाऊ आकार द्यावा लागतो.

याच मुलखात लोखंडी नांगराच्या कारखान्यातून एक मासिक निघाले, ही गोष्ट परक्यास सांगितली तर थट्टा वाटेल. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तेथून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. प्रथम हेतू गिऱ्हाइकांस व कारखान्याच्या माणसांस माहिती देण्याचा. पण जोडीला गोष्टी आल्या, लेख आले, वाद आले, पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले, आणि रेल्वेच्या एका लहानशा स्थानकावरून टपालाच्या थैल्यांतून मध्यमवर्गाचे वाचन घरोघर जाऊ लागले. पाच-सहा पृष्ठांत संपणारी लघुकथा आपल्याकडे इतकी का फोफावली, याचे एक उत्तर मासिकाच्या पृष्ठसंख्येत आहे. मात्र पृष्ठसंख्या आपण होऊन कोणास लेखक बनवीत नाही. ‘हे छापावयाचे, हे परत पाठवावयाचे’ असे ठरविणारा आणि त्याबद्दल वाचकांच्या शिव्याही खाणारा संपादक तेथे बसला होता.

या सर्व परंपरेचे शिखर मात्र आकाशवाणीवर गाठले गेले. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. त्या सकाळी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रक्षेपित झाले. कवी ग. दि. माडगूळकर माणदेशचे, आटपाडीकडील माडगूळ्याचे. संगीत सुधीर फडक्यांचे. आणि केंद्रावर ही कल्पना उचलून धरणारे सीताकांत लाड. आठवड्यास एक गीत, असे वर्षाचे बावन्न व्हावयाचे. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून छप्पन्न झाले. पंचांगाने वाढवून दिलेले काव्य मराठीत दुसरे कोणते असेल ते मला ठाऊक नाही. आता साधनाच्या अटी पाहाव्यात. अवधी पाव तासाच्या आतला. मागील आठवड्याचे गीत हुकलेला श्रोता आज गोंधळता कामा नये, म्हणून प्रत्येक गीत स्वयंपूर्ण हवे. डोळ्यांपुढे पात्र नाही, म्हणून बोलणारा कोण हे पहिल्या दोन ओळींत कळावयास हवे. महाकाव्याचा निवेदक बाजूस सारून माडगूळकरांनी जवळजवळ प्रत्येक गीत कोणा ना कोणा पात्राच्या मुखी घातले, कौसल्येपासून हनुमंतापर्यंत, आणि निरनिराळ्या गायकांचे कंठ त्यांस मिळाले. अटी जाचक होत्या; कवीने त्या जाच न मानता छंद मानल्या. एरवी तीच कथा श्लोकबद्ध होऊन एखाद्या भारदस्त ग्रंथाच्या रूपाने कपाटात विसावली असती.

त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांचे उदाहरण मात्र सरळ सिद्धांत मांडणाऱ्यास अडचणीचे आहे, आणि म्हणूनच ते सांगितले पाहिजे. तेही पुण्याच्या आकाशवाणीत, ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात, दीर्घकाळ होते, आणि त्यांची आखूड, बोलकी, अलंकार झटकून टाकलेली वाक्ये जणू ध्वनिक्षेपकासाठीच घडली असे वाटते; परंतु ‘माणदेशी माणसं’ १९४९ चे आहे, म्हणजे पुण्याचे केंद्र निघण्यापूर्वीचे. साधन लेखक निर्माण करीत नाही. आधीच तयार असलेल्या माणसास ते हुडकून काढते, एवढेच. हेच व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील साठच्या दशकात गावोगाव कथाकथन करीत फिरले, तेव्हा लाउडस्पीकरमुळे हजार माणसांच्या सभेतही कुजबुजणे शक्य झाले, आणि ध्वनिफितींनी ‘माझ्या बापाची पेंड’ किंवा ‘धिंड’ या कथा ज्यांनी कधी पुस्तक उघडले नाही त्यांच्याही घरी नेल्या. साधनाने हुडकलेल्या माणसाचे दुसरे उदाहरण वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांचे. त्यांनी तमाशाच्या वगाचे लोकनाट्य केले, गणातील वंदन गणपतीऐवजी मातृभूमीस आणि श्रमिकांस अर्पण केले, आणि १९५९ मध्ये ‘फकिरा’ लिहिली. शाळेशी जेमतेम तोंडओळख झालेल्या या लेखकाच्या कादंबऱ्यांकडे चित्रपट वारंवार वळला, कारण त्यांच्या गद्यात प्रसंग आधी दिसतो आणि मग कळतो.

आजच्या साधनाकडे यावयाचे तर आरंभ अक्षरापासून केला पाहिजे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सांगलीच्या लेखकाने एका फाँटमध्ये टंकलेली कथा मुंबईच्या छापखान्यात उघडली की पानभर अगम्य चिन्हांचा खच पडे, कारण प्रत्येक फाँटचा अंमल निराळा. युनिकोडने हा बखेडा मिटविला. ‘साताऱ्यात’ हा शब्द लिहावयाचा तर त्यातील डोळ्याच्या पापणीसारख्या अर्ध्या रकारासाठी संकेतात वेगळ्या अक्षराची सोय लागते; ती झाली, आणि हातातील यंत्रावर कोणीही शुद्ध मराठी लिहू लागला. त्याचे फळ म्हणजे ‘अलक’, अर्थात अति लघुकथा, जी व्हॉट्सॲपच्या पडद्यावर एका दृष्टिक्षेपात मावते. बहुतेक अलका शेवटच्या ओळीतील धक्क्यावर जगतात, आणि दहा वाचल्यावर अकरावीचा धक्का आधीच कळतो. हा प्रकार अद्याप चुटक्याच्या अंगणातून बाहेर पडलेला नाही, असे स्पष्ट म्हणावे लागते. बंगळूरच्या ‘प्रतिलिपी’वर भागाभागांनी लिहिल्या जाणाऱ्या प्रेमकथा आणि भयकथा यांचे कूळ मासिकांतील क्रमशः कादंबरीचे, फरक इतकाच की वाचकाचा अभिप्राय आता पुढील भाग लिहून होण्यापूर्वीच येतो.

यापेक्षा मला आशा वाटते ती दोन प्रकारांची. एक, सातारा भागातील खेड्यांत चित्रित झालेली ‘कोरी पाटी’ची ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि बारामतीकडील ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ यांसारख्या मालिका, ज्यांत गावची बोली प्रमाणभाषेची क्षमा न मागता बोलली जाते; आणि दुसरा, श्राव्य ग्रंथ. स्वीडनची ‘स्टोरीटेल’ २०१७ मध्ये भारतात आली, आणि तंत्रज्ञानाने सर्व काही आखूड होत जाणार हे भाकीत कानापुरते तरी खोटे ठरले. महामार्गावर गाडी हाकताना किंवा भाकऱ्या थापताना माणूस दहा-दहा तासांची कादंबरी ऐकतो. डोळ्यांना नसलेला धीर कानांना आहे. आणि छापील ग्रंथापुरतेही हे भाकीत पूर्वी एकदा खोटे ठरलेच होते. नेर्ल्याचे विश्वास पाटील, साताऱ्याच्या ९९ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांची ‘पानिपत’ १९८८ मध्ये आली, म्हणजे घरोघर दूरदर्शन स्थिरावत असताना. त्या जाडजूड ग्रंथास वाचकांची वाण पडली नाही.

मग उणीव कशाची? मिरजेस गंगाधरराव होते, सांगलीस अप्पासाहेब, किर्लोस्करवाडीस शंकरराव, पुण्यास लाड. प्रत्येकाने आपले नाव, पैसा किंवा नोकरीतील पत एखाद्या गोष्टीमागे लावली होती, आणि ती फसती तर जाब त्यांनाच द्यावा लागता. आज त्या गादीवर एक गणिती यंत्रणा बसली आहे, जी पाहणाऱ्याचे अंगठे मोजते, तो कोणत्या क्षणी कंटाळून निघून गेला याचा हिशेब ठेवते, आणि त्या हिशेबाबरहुकूम पुढील गोष्ट पुढे सारते. तिला आवडनिवड नाही, म्हणून लाजही नाही. आता तर यंत्रच गोष्टी लिहूही लागले आहे. पण चांगले की वाईट हे ठरविणारा माणूस जागेवर असता तर त्याची इतकी धास्ती बाळगण्याचे कारण नव्हते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरले आणि दुर्मिळ ग्रंथांसह असंख्य पुस्तकांचा लगदा झाला. निदान काय बुडाले याची नोंद दप्तरी होती. पडद्यावरील गोष्टींची अशी नोंदच नाही. दोन्ही जिल्ह्यांतील ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपापल्या तालुक्यातील मालिका, श्राव्य कथा आणि निवडक अलका यांचे दप्तर ठेवावे, वर्षाकाठी निवड करून ती सहीनिशी प्रसिद्ध करावी, एवढे काम फार खर्चाचे नाही. आणि वाचकांस एक विनंती: आवडलेली गोष्ट पुढे धाडताना तिच्याखालील लेखकाचे नाव गाळू नये, गळालेले असेल तर शोधून लिहावे, आणि सापडले नाही तर ती गोष्ट पुढे धाडू नये.