तंबोऱ्याची जवारी

नांदगावच्या एखाद्या वाद्यवृंदातली बास गिटार पडद्यावर खरखरली, की आपण ती दुरुस्तीला नेतो. मिरजेचे कारागीर मात्र तंबोऱ्यात तार आणि घोडी यांचा असा स्पर्श मुद्दाम घडवतात. घोडीचा रुंद माथा किंचित उतरता घासलेला असतो. कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा टेकते. तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा साधतात. हीच जवारी.

तार बरोबर मध्यावर छेडली, तर सम क्रमांकाचे उपस्वर उमटू नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्यात ते उमटतात, याकडे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लक्ष वेधले.

तारांनी घोडीवर खाचा पडल्या, की ती पुन्हा घासावी लागते. जास्त घासली, तर ती भरून येत नाही. म्हणून आपण कानस न उचलता फक्त दोरा काढून, घालून विद्यार्थ्यांना फरक ऐकवावा.