कोळशाच्या खाणीतले चित्रकार

चित्रकला म्हटली की आपल्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. मोठे घर, भरपूर उजेड, अंगात झब्बा घातलेला कलावंत आणि त्याच्या हाती भरपूर मोकळा वेळ. दिवसपाळी-रातपाळी करणाऱ्या माणसाला, चार घरची कामे उरकून स्वतःच्या घरचा स्वयंपाक करणाऱ्या भगिनीला या चित्रात जागा नसते. ‘रंग, कॅनव्हास हे आपले काम नव्हे,’ असे आपण स्वतःच म्हणून टाकतो आणि मुलाची चित्रकलेची वही दहावीनंतर माळ्यावर जाते.

आज आम्ही वाचकांना ज्या माणसांची ओळख करून देणार आहोत, ती माणसे जमिनीखाली कोळसा खणत होती. तरीही त्यांनी पन्नास वर्षे चित्रे काढली. दर आठवड्याला ती एकमेकांना दाखवली, त्यांवर वाद घातले आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पाळीवर गेली.

अ‍ॅशिंग्टनची वस्ती

इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थम्बरलँड परगण्यात अ‍ॅशिंग्टन नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणीभोवती ते वाढले. खाणमालकांनी कामगारांसाठी विटांच्या लांबच लांब रांगा बांधल्या. त्या रांगांना नावे ठेवण्याची तसदीही फारशी घेतली नाही. पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी रांग असे नुसते नंबर. चाळ नंबर अमुक, खोली नंबर तमुक असा पत्ता लिहिणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

तेथील मुले तेरा-चौदाव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरत. शिकायचे राहून गेले, ही खंत मोठेपणी अनेकांना सतावत असे. अशा लोकांसाठी १९०३ साली इंग्लंडमध्ये कामगार शिक्षण संघटना स्थापन झाली होती. ती संध्याकाळचे वर्ग चालवी. अ‍ॅशिंग्टनच्या कामगारांनी या वर्गांतून उत्क्रांतीसारखा विषयही अभ्यासला होता. १९३४ साली त्यांनी ठरवले की आता चित्रकला समजून घ्यायची. चित्र काढायला शिकायचे असे तेव्हा कुणाच्या मनात नव्हते. लोक चित्रांना एवढा मान का देतात आणि त्यांत पाहायचे काय असते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

शिकवायला न्यूकॅसलच्या महाविद्यालयातील चित्रकलेचे अध्यापक रॉबर्ट लायन आले. त्यांनी रीतीप्रमाणे इटलीतील जुन्या थोर चित्रकारांच्या चित्रांच्या स्लाईड दाखवायला सुरुवात केली. कामगारांनी मुकाट्याने पाहिले, पण मनाला काही लागले नाही. ती चित्रे कुठल्या तरी दूरच्या राजवाड्यातली, देवळातली. त्यांचा खाणीशी काय संबंध? लायन शहाणे गृहस्थ होते. त्यांनी दोष शिष्यांना दिला नाही, पद्धत बदलली. चित्र कसे बनते हे कळायचे असेल तर स्वतः एक काढून पाहा, असे त्यांनी सुचवले.

एक विषय, सगळ्यांची चित्रे

वर्गाची पद्धत अगदी साधी होती. लायन एक विषय देत. आठवडाभरात वेळ मिळेल तसे प्रत्येकाने घरी त्यावर चित्र काढायचे. पुढच्या बैठकीत सगळी चित्रे भिंतीशी ओळीने मांडायची आणि एकेका चित्रावर सगळ्यांनी बोलायचे. सोबत खाली उतरणारी, एकमेकांच्या जिवाची जबाबदारी घेणारी ही माणसे. त्यामुळे खोटी वाहवा करण्याची गरज कुणाला नव्हती, आणि कुणी टीका केली म्हणून मैत्री तुटण्याची भीतीही नव्हती.

रंगांना पैसे कोठून आणायचे? यातील बरेच जण तैलरंगांबरोबर घराच्या भिंतीला लावायचा स्वस्त रंग वापरत. कॅनव्हासऐवजी पुठ्ठा, प्लायवूड, हार्डबोर्ड. स्वयंपाकघरातले टेबल हाच स्टुडिओ.

आणि विषय? सुरुवातीला परके विषय झाले. मग हळूहळू ही माणसे आपल्या दारात उतरली. ऑलिव्हर किलबर्न हा तेरा वर्षांचा असताना खाणीत गेलेला कामगार. त्याने कोळसा फोडणारे, ओढणारे सोबती रंगवले, शनिवारी रात्रीचा क्लब रंगवला. घरातली माणसे जुन्या कपड्यांच्या चिंध्या गोणपाटात खोवून पायपुसणे बनवत आहेत, असेही त्याचे एक चित्र आहे. आपल्या आजीने जुनी लुगडी जोडून शिवलेली वाकळ ज्यांनी पांघरली आहे, त्यांना त्या चित्रासाठी दुभाषा लागणार नाही. जिमी फ्लॉइडने कबुतरांची खुराडी रंगवली. जॉर्ज ब्लेसेडने शर्यतीचे कुत्रे रंगवले. हॅरी विल्सन खाणीत नव्हता. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने त्याची प्रकृती खालावली होती आणि तो दातांच्या कवळ्या बनवण्याचे काम करी. त्याची चित्रेही याच भिंतीशी मांडली जात.

खाणीच्या अंधारात कागद-पेन्सिल घेऊन बसता येत नव्हते. जे पाहिले ते मनात साठवायचे आणि घरी आल्यावर कागदावर उतरवायचे. पण अंग वाकवून, गुडघ्यावर बसून फावडे कसे मारतात, हे त्यांना आठवावे लागत नव्हते. ते त्यांच्या हाडांना ठाऊक होते. बाहेरून आलेल्या चित्रकाराला खाणकामगार एक तर बिचारा दिसे, नाही तर पिळदार वीर. या माणसांनी रंगवलेला खाणकामगार खाणकामगारच आहे.

१९३६ साली न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत या मंडळींचे पहिले प्रदर्शन झाले. त्याच वर्षी ही मंडळी लंडनला गेली. टेट गॅलरी पाहिली, रॉयल अ‍ॅकॅडमीत भरलेले चिनी कलेचे मोठे प्रदर्शन पाहिले. हेलन सदरलंड नावाच्या श्रीमंत कलासंग्राहक बाईंनी त्यांना घरी बोलावून बेन निकल्सन, डेव्हिड जोन्स अशा त्या वेळच्या नव्या चित्रकारांची चित्रे दाखवली. ज्या स्लाईड दोन वर्षांपूर्वी परक्या वाटल्या होत्या, तसल्या चित्रांपुढे हीच माणसे आता उभी राहून बोलू लागली. कारण रंग हट्टीपणा कसा करतो, हे त्यांनी स्वतःच्या हाताने अनुभवले होते.

१९४२ साली लायन एडिंबराच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य होऊन गेले. गुरू गेला तरी वर्ग मोडला नाही. मंडळींनी एका साध्या झोपडीवजा खोलीत आठवड्याची बैठक चालूच ठेवली. चांगली चित्रे समूहाचा सामायिक ठेवा म्हणून राखून ठेवली. नाव झाले, वर्तमानपत्रांत छापून आले, तरी मंडळी आपापल्या कामावरच राहिली. १९८० साली त्यांची चित्रे चीनमध्ये प्रदर्शनासाठी गेली. १९८४ साली खोलीच्या जागेचे वार्षिक भाडे ५० पेनींवरून १४ पौंड झाले आणि समूहाच्या बैठका थांबल्या. चार वर्षांनी, १९८८ साली, अ‍ॅशिंग्टनची खाणही बंद झाली.

आज तेथे कोळसा निघत नाही. पण शेजारच्या वुडहॉर्न खाणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या संग्रहालयात ही चित्रे आहेत. खाणीत उतरलेल्या आजोबांचे काम कसे होते, हे नातवंडांना तेथे पाहायला मिळते. खाणमालकांच्या हिशेबवह्यांत किती टन कोळसा निघाला ते सापडेल; माणूस कसा वाकला, ते या चित्रांतच सापडेल.

आवडता चित्रकार कशासाठी?

स्वतः चित्र काढू लागलेल्या माणसाला लवकरच एखादा आवडता चित्रकार मिळतो. त्याचे काय करायचे? नक्कल केली तर चोरी होते का?

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचे उदाहरण पाहू. ते चित्रकार होण्यापूर्वी बेल्जियमच्या बोरिनाज भागात, खाणकामगारांच्या वस्तीत धर्मप्रचारक म्हणून राहिले होते. तेथेच १८८० साली त्यांनी चित्रकार होण्याचे ठरवले. त्यांचे आवडते चित्रकार होते फ्रान्सचे मिले. मिले शेतकऱ्याच्या घरात जन्मले होते. कापणी झाल्यावर शेतात उरलेली कणसे वाकून वेचणाऱ्या तीन गरीब बाया त्यांनी १८५७ साली रंगवल्या आणि ते चित्र जगप्रसिद्ध झाले. सर्वा वेचणे म्हणजे काय, हे आपल्या जुन्या पिढीला विचारा.

व्हॅन गॉग १८८९-९० मध्ये मनाच्या आजारामुळे रुग्णालयात होते. बाहेर जाऊन चित्र काढता येत नसे, तेव्हा त्यांनी मिलेच्या चित्रांच्या छापील एकरंगी प्रती समोर ठेवल्या आणि सुमारे वीस चित्रे स्वतःच्या रंगांत नव्याने रंगवली. आकृती मिलेची, रंग आणि ब्रशचे फटकारे व्हॅन गॉगचे. गुरूच्या पाऊलखुणांवरून चालत ते स्वतःच्या वाटेला लागले. तेव्हा आवडत्या चित्राची नक्कल जरूर करावी. फक्त खाली मूळ चित्रकाराचे नाव लिहावे.

दुसरे आहेत पॅरिसचे आंरी रूसो. हे गृहस्थ जकात नाक्यावर कारकून होते. शिक्षक कोणी नाही. नोकरी सांभाळून चित्रे काढायची. १८८४ साली त्यांनी लूव्र संग्रहालयात बसून नकला करण्याचा परवाना मिळवला. १८८६ पासून ते खुल्या प्रदर्शनात चित्रे मांडू लागले. लोक हसत. रूसोंनी जवळजवळ दरवर्षी नवी चित्रे नेली. वाघ-सिंहांची घनदाट जंगले त्यांनी रंगवली, पण ते कधी फ्रान्सबाहेर गेले नव्हते. शहरातल्या वनस्पती उद्यानात जाऊन ते पाने निरखीत. १९०८ साली तरुण पिकासोने आपल्या स्टुडिओत त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. हसणाऱ्यांपैकी कितीकांची नावे आज कुणाला आठवतात?

आणि वय झाले म्हणून मागे राहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की कामाच्या एवढ्या डोंगराखाली असतानाही बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात व्हायोलिन आणि चित्रकला शिकायला घेतली होती.

घरच्या घरी तैलरंग

आता थोडे व्यवहाराचे. तैलरंग म्हणजे रंगाची पूड आणि जवसाचे तेल. हा रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून वाळायला दिवस लागतात, जाड थर असेल तर महिनेही. नोकरदाराला हा गुणच आहे. आज अर्धवट राहिलेले चित्र उद्या रात्री पुढे नेता येते, चूक पुसता येते.

सगळे डबे विकत घेऊ नयेत. पांढरा, पिवळा, लाल, निळा आणि तपकिरी या पाच नळ्यांत सुरुवातीला भागते. हार्डबोर्डचा तुकडा चालतो. पण त्यावर आधी प्रायमरचे दोन हात द्यावेत, नाही तर तेल आत शोषले जाते. पहिला थर टर्पेंटाईनने पातळ केलेला, वरचे थर अधिक तेलाचे, हा नियम पाळावा. उलट केले तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे चिरा पडतात.

एका खोलीचे घर असेल तर काळजी घ्यावी. टर्पेंटाईनची वाफ डोके दुखवते. खिडकी उघडी ठेवावी, स्टोव्ह किंवा शेगडी जवळ नसावी. काही रंगांत विषारी धातू असतात. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, नळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

आपली भिंत

अ‍ॅशिंग्टनच्या गोष्टीतून घेण्यासारखे सर्वांत मोठे आहे ते भिंतीशी चित्रे मांडणे. एकट्याने काढलेले चित्र पलंगाखाली जाते. चारजणांनी पाहिले की ते बोलू लागते. समाजमंदिरात, वाचनालयात, कुणाच्या ओट्यावर पंधरा दिवसांतून एकदा पाच-सहा घरांनी जमावे. सगळ्यांना एक विषय असावा: पाण्याची रांग, पाळी सुटण्याची वेळ, आईचे हात. मुले, सुना, आजोबा, सगळ्यांची चित्रे एकाच ओळीत मांडावीत. आधी चित्रात काय दिसते ते सांगावे, मग काय खटकते ते. ‘छान आहे’ एवढेच म्हणून कुणालाही सुटू देऊ नये.

विषयांचा तोटा नाही. एकेकाळी मुंबईच्या कापड गिरण्यांत विणखात्यात आपल्या माणसांना घेत नसत. कारण तेथे तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. गिरण्या आता गेल्या, तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या. कोणते खाते उघडे होते, कोणते दार बंद होते, साच्याचा आवाज अंगात कसा भिने, हे ज्यांनी पाहिले वा वडिलांकडून ऐकले ती माणसे थकत चालली आहेत. त्यांच्याजवळ बसून विचारावे, आणि जे ते सांगतील ते मुलांनी रंगवावे. आकृती वाकडी आली तर येऊ द्यावी. ती पुढच्या चित्रात सरळ होईल. राहून गेलेली आठवण मात्र पुन्हा विचारायला माणूस सापडणार नाही.