रापण ओढताना स्नायूंत काय घडतं?

मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर माणसं आजही हातांनी ओढतात. ते बळ येतं हाडांना जोडलेल्या अस्थिस्नायूंतून.

• रचना : स्नायू म्हणजे तंतूंचे जुडगे. प्रत्येक तंतू ही अनेक केंद्रकं असलेली एकच लांब पेशी. तिच्यातल्या सूक्ष्म तंतुकांत सुमारे २ ते २.५ मायक्रोमीटर लांबीचे ‘सार्कोमिअर’ ओळीने जोडलेले असतात.

• इशारा : चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन स्रवतं, पेशीवर विद्युतलहर पसरते आणि आतला कॅल्शियमचा साठा खुला होतो.

• ओढ : कॅल्शियममुळे सार्कोमिअरमधल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांवरच्या जागा मोकळ्या होतात. शेजारच्या मायोसिन या प्रथिनाच्या धाग्यांची डोकी तिथे पकडतात, खेचतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात. हात बदलत दोर ओढणाऱ्या रापणकरांसारखीच. धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात.

• इंधन : एटीपी. पकड सोडण्यासाठीही ते लागतंच. जाळं अडून दोर तसूभरही हलला नाही, तरी ही पकड-सोड चालूच राहते, म्हणून दंड भरून येतात.

• शोध : सरकत्या धाग्यांची ही उपपत्ती १९५४ मध्ये दोन जोड्यांनी ‘नेचर’मध्ये स्वतंत्रपणे मांडली : अँड्र्यू हक्सली–रॉल्फ नीडरगर्के आणि ह्यू हक्सली–जीन हॅन्सन.