ऐनवेळचे विषय

जानेवारी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेची लग्नसराई. ३ तारखेला सावित्रीबाई फुले जयंती, १२ ला जिजाऊ जयंती, मध्येच केंद्राच्या क्रीडा स्पर्धा, २६ ला प्रभातफेरी आणि झेंडावंदन, त्याला जोडून स्नेहसंमेलन. २०२४ च्या जानेवारीत आणखी एक कार्य वाढले होते. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान १ जानेवारीला सुरू होऊन १५ फेब्रुवारीपर्यंत चालणार होते. एकूण १०० गुण; ६० विद्यार्थ्यांच्या उपक्रमांना, ४० शाळेच्या व्यवस्थापनाने करायच्या कामांना. तालुक्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ३ लाख रुपये, राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाख. या सगळ्याचे नियोजन करायला डिसेंबरच्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक होती. “बसा की मागे, कोणी काही म्हणत नाही,” असे मुख्याध्यापक बाई म्हणाल्या आणि मी मागच्या बाकावर बसलो.

गावातली म्हातारी माणसे अजून या शाळेला ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. त्या बोर्डाचे मेंबर म्हणजे बडी असामी. शाळा तपासायला आले तर गावात वर्दी आधी पोचायची. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, बोर्डे गेली. आजची समिती २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची. महाराष्ट्रात तिचे १२ ते १६ सदस्य. त्यांत पाऊण हिस्सा पालकांचा, निम्म्या जागा महिलांच्या, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक सचिव. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचे, अनुदान कुठे खर्च झाले ते पाहायचे आणि शाळा विकास आराखडा करायचा, अशी कामे. सरकारने शाळेला पैसे द्यायचे तेही याच आराखड्याच्या आधारे, असे कलम २२ म्हणते. एवढा अधिकार आणि मानधन शून्य.

बैठक दुपारी तीनची. तीनला अध्यक्ष, दोन पुरुष सदस्य, बाई आणि एक गुरुजी एवढेच हजर. विषय अर्थातच कांद्याचा. ८ डिसेंबरपासून निर्यात बंद झाली होती आणि लासलगावचा भाव कोसळला होता. “शाळा सुंदर करू हो, आधी खताचं बिल भागू द्या,” असे एक जण म्हणाले आणि सगळे हसले.

महिला सदस्य आल्या नव्हत्या, कारण त्याच कांद्याची लागवड चालू होती. उन्हाळ कांद्याचे रोप उपटले की ते थांबत नाही, आणि लागवडीची टोळी एका बाईसाठी खोळंबत नाही. गुरुजींनी फोन लावला. “ताई, कोरम होईना. सहीपुरत्या तरी या.” ‘सहीपुरत्या’ म्हणताना त्यांना काही वावगे वाटले नाही; असे बोलायची रीतच आहे. कितीतरी शाळांत बैठकीनंतर रजिस्टर शिपाई नाहीतर एखादे थोरले पोर घरोघर घेऊन जाते, आणि चुलीपुढे, ओट्यावर, गोठ्यात सह्या होतात. कागदावर समिती कायम पूर्ण.

चारच्या सुमारास दोघी आल्या. नखांत माती, हातांना रोपाचा हिरवा वास. एक बाकावर टेकली, दुसरी उभीच राहिली. तिला परत जायचे होते.

बाईंनी विषयपत्रिका वाचली. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. अभियानाचे नियोजन. २६ जानेवारी व स्नेहसंमेलन. गुणवंतांचा व दात्यांचा सत्कार. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.

सगळ्यांत जास्त वेळ अभियानाने खाल्ला. वर्ग सजवायचे, बोलक्या भिंती करायच्या, परसबाग लावायची, स्वच्छता मॉनिटर नेमायचे, वाचनाचे उपक्रम घ्यायचे आणि प्रत्येकाचा फोटो काढून माहिती भरायची. पेंटरने वारली चित्रांसह दर्शनी भिंतींचे चाळीस हजार सांगितले होते. पटावर नव्वदच्या आसपास मुले. म्हणजे समग्र शिक्षाचे संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५ हजार. त्यात वीजबिल, खडू, रजिस्टरे, झेरॉक्स, किरकोळ दुरुस्त्या. चाळीस हजार त्यातून निघणे शक्यच नव्हते.

“लोकवर्गणी काढू,” गुरुजी म्हणाले.

“औंदा कोणाच्या दारात उभं राहायचं, सर?” अध्यक्ष म्हणाले. “मागं पंख्यांना मागितले तेव्हा लोक हसत देत होते.”

एक तरुण सदस्य म्हणाला, “तालुक्यात पहिले आलो तर तीन लाख. पेंटरचे सुटून वर उरतील.”

“आणि नाही आलो तर?”

त्यावर कोणी बोलले नाही. शेवटी भिंती दोनच रंगवायच्या, रंग गावातल्या दुकानातून उधारीवर आणायचा आणि चित्रे सातवीच्या मुलांनी काढायची असे ठरले. ही तडजोड मला आवडली. बक्षिसाच्या आशेने गाव कर्जात जात नाही हे बघायला कोणीतरी लागते, आणि ते काम त्या खोलीत अध्यक्षांनी केले. गुणांच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

सत्काराच्या विषयावर चर्चा खुलली. शाली किती, नारळ किती, हार की गुलाबपुष्प. शिष्यवृत्तीला बसणारी मुले, पंखे देणारे दाते, निवृत्त गुरुजी, सरपंच, पोलीस पाटील. यादी लांबत गेली. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचे नाव एका सदस्याने सुचवले आणि ते लगेच मान्य झाले. तरुण सदस्याने थट्टेत विचारले, “आणि आपल्या समितीचा?” अध्यक्ष म्हणाले, “आपणच आपल्याला नारळ द्यायचा का?”

थट्टेतला तो प्रश्न बैठकीनंतरही माझ्या डोक्यात घोळत राहिला. महाराष्ट्रात शाळेभोवती पुरस्कारांना तोटा नाही. शिक्षकांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाचा राज्य पुरस्कार आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा सगळ्या राज्याने ते घरचे कौतुक मानले. ‘सुंदर शाळा’चा पुढचा टप्पा ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि गुण १०० चे १५० झाले. शाळेला पारितोषिक आहे, शिक्षकाला आहे, मुलांना आहे. सदस्याच्या वाट्याला रजिस्टरमधली सहीची ओळ येते.

पाचव्या विषयाला पोचेपर्यंत उजेड कलला होता. उभी असलेली ताई तेव्हा बोलली.

“मुलींच्या बाथरूमला पाणी नाही. पोरगी दिवसभर शाळेत पाणीच पीत नाही. मुद्दाम.”

खोली गप्प झाली. बाईंनी सांगितले, टाकी आहे, पाइप दिवाळीच्या सुट्टीत फुटला. मुली बादलीने पाणी नेतात.

“आधी सांगायचं ना, ताई,” अध्यक्ष म्हणाले.

“आधी कधी? मीटिंग दुपारची. मी कधी येणार?”

मग पुढची दहा मिनिटे झाली ती खरी बैठक. बाईंनी हिशेब काढला. संयुक्त अनुदानातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. २५ हजारांतले अडीच हजार. पाइप आणि दोन तोट्या त्यात बसतात. एका सदस्याचा भाऊ नळ जोडण्याची कामे करतो. मजुरी त्याच्याकडे लागली. गुरुजींनी चतुराई केली. स्वच्छतेलाही अभियानात गुण आहेत, तेव्हा हे काम त्याच्याच यादीत पहिले घालू, म्हणजे पुढे सरकवता येणार नाही. भिंतींच्या आधी नळ. स्पर्धेचा असाही उपयोग होतो: एरवी ‘बघू’ म्हणून बाजूला पडणाऱ्या कामाला तारीख मिळते.

बाकावर बसलेल्या ताईने विषय काढला तो मळ्यातल्या मुलांचा. द्राक्षाच्या आणि कांद्याच्या कामाला सुरगाणा-पेठकडून कुटुंबे येतात, शेडमध्ये राहतात. तिच्या शेजारच्या मळ्यात शाळेच्या वयाची तीन-चार पोरे दिवसभर धाकट्यांना सांभाळत बसत. बाई म्हणाल्या, “शिक्षण हमी कार्ड आणलंय का विचारा. नसलं तरी पाठवा. दाखला आला नाही म्हणून कायद्यानं कोणाला परत पाठवता येत नाही.” मुकादमाशी बोलायचे काम अध्यक्षांनी घेतले, कारण मुकादम त्यांच्याच ओळखीचा. या कामाचा फोटो निघणार नव्हता आणि गुण मिळणार नव्हते. जमले तर पोरे उन्हाळ्यापर्यंत बसतील, मग निघून जातील.

बैठक उठल्यावर बाई प्रोसिडिंग लिहायला बसल्या. मी मुद्दाम जवळ गेलो. प्रोसिडिंगची भाषा सगळ्या राज्यात एकच आहे; ती भांडणे विझवून टाकते. कांद्याचा भाव, पेंटर, उधारी, कोण कोणावर चिडले, काहीच उरत नाही. ‘मुलींच्या स्वच्छतागृहातील नळदुरुस्तीबाबत सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ मुलगी पाणी पीत नाही हे त्यात कुठे नव्हते. पण खाली सूचक आणि अनुमोदक अशा दोन ओळी असतात. तिथे बहुधा ठरलेली दोन पुरुषी नावे पडतात. बाईंनी खिडकीतून हाक मारली, “ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा.” ताई फाटकापाशी पोचली होती. तिथूनच तिने नाव सांगितले, वडिलांचे लावू का नवऱ्याचे असेही विचारले. बाई म्हणाल्या, “तुमचं. मग पुढचं जे लावता ते.”

समितीचे रोजचे काम पाहायचे तर बैठकीपेक्षा शाळेच्या स्वयंपाकघरात जावे. जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास तिथे चव घेतली जाते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५०, हे प्रमाण ठरलेले. मी गेलो त्या दिवशी मटकीची उसळ आणि भात होता. पाळीच्या पालक-आईने स्टीलच्या वाटीत घेतले, फुंकले, एक घास खाल्ला, थांबली, दुसरा खाल्ला. मावशी पदराला हात पुसत तिच्या तोंडाकडे बघत होत्या. चव घेण्याचा हा नियम काही शोभेचा नाही. २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत विषारी अन्नाने २३ मुले दगावली. त्यानंतर आधी मोठ्यांनी खाऊन पाहायचे हे देशभर बजावून सांगितले गेले.

मग चव नोंदवही. तारीख, पदार्थ, अभिप्राय, नाव, सही. पानभर अभिप्राय एकाखाली एक: उत्तम, चांगली, रुचकर, उत्तम, उत्तम. आईने पेन घेतले आणि लिहिले, ‘मीठ जास्त’. मावशींनी काही न बोलता पातेल्यात गरम पाणी ओतले, वर थोडी मटकी चेचून घातली, पुन्हा वाटी पुढे केली. आईने चाखून मान हलवली, पण लिहिलेले खोडले नाही. पुढे कोणी वही तपासली तर त्याला ‘उत्तम’ची रांग मोडलेली दिसेल. मला विचाराल तर त्या पानावरची खात्रीची नोंद ती एकच.

सदस्यांचा सत्कार करू नये असे मी म्हणणार नाही. २६ जानेवारीला गावासमोर नाव पुकारले जाणे ही लहान गोष्ट नाही. ज्या बाईचे नाव मतदार यादीपलीकडे कुठे छापले गेलेले नाही तिला तर नाहीच. पण शाल देऊन तिची बुडालेली मजुरी भरून येत नाही. दुपारी तीनची बैठक म्हणजे तिच्यासाठी अर्धा रोज. नोकरदार सचिवाला ती कामाच्या वेळेत पडते, दुकानदार सदस्याला गल्ला पोरावर सोडून येता येते. तिच्या हिशेबातून मात्र पैसे जातात. आणि निम्म्या जागा महिलांना दिल्या असे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा बैठक किती वाजता असते हे कोणी विचारत नाही. समितीच्या प्रशिक्षणात अधिकार शिकवतात, आराखडा शिकवतात. वेळ ठरवताना टोळीचे काम कधी सुटते ते विचारा, असेही त्यात एक पान हवे.

त्या बैठकीत सर्वांत शेवटी, अगदी उठता उठता, एक ठराव झाला. तोही नळाचा विषय काढणाऱ्या ताईनेच मांडला. पुढची सभा आठवडे बाजाराच्या दिवशी घ्यायची, कारण त्या दिवशी टोळीला सुट्टी असते आणि सगळ्या बायका गावातच असतात. अध्यक्षांना बाजाराच्या दिवशी दुसरे काम होते. ते थोडे कुरकुरले, मग म्हणाले, “लिहा.” बाईंनी ठरावाला क्रमांक घातला, वेळ सकाळी अकराची लिहिली, आणि गुरुजींना बजावले की या खेपेला रजिस्टर कोणाच्या घरी जाणार नाही.