‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमके काय?

कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री, प्रति सापळा आठ वा अधिक नर पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे आपण मानतो आणि उपाययोजनेची शिफारस करतो. या नोंदी आता अनेक ठिकाणी मोबाइलवरून पाठविल्या जातात. त्या अडकल्या की शिफारसही अडकते. तोवर अंड्यातून बाहेर पडलेली अळी बोंडात शिरलेली असते आणि तेथे फवारणी पोहोचत नाही. विलंबाचे कारण विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ सर्व्हर म्हणजे आपल्या नोंदी स्वीकारणारा व साठविणारा दूरस्थ संगणक. तो पुष्कळदा निर्दोष असतो. अडथळा वाटेत कोठेतरी असतो.

ही वाट समजून घेऊ. सापळ्याचे छायाचित्र इंटरनेटवरून अखंड जात नाही. त्याचे लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. एका पॅकेटचा आकार सामान्यतः १५०० बाइटपर्यंत असतो. म्हणजे ४ मेगाबाइटच्या एका छायाचित्राची अडीच हजारांहून अधिक पॅकेट होतात. प्रत्येकावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. वाटेतील राउटर हा पत्ता वाचून पॅकेट पुढच्या टप्प्याकडे ढकलतो. संपूर्ण मार्ग कोणत्याही एका राउटरला ठाऊक नसतो. जुन्या ३२ बिटांच्या पद्धतीत सुमारे ४३० कोटी पत्ते शक्य होते. ते अपुरे पडल्याने १२८ बिटांची नवी पद्धत आली.

पॅकेट पोहोचल्याची पोच परत येते. पोच न आल्यास पॅकेट पुन्हा पाठविले जाते आणि पाठविण्याचा वेगही कमी केला जातो. टीसीपी नावाचा हा नियमसंच कीटकशास्त्रज्ञाला परका वाटू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेबोरा गॉर्डन व बालाजी प्रभाकर यांनी २०१२ मध्ये दाखविले, की बी गोळा करणाऱ्या वाळवंटी मुंग्याही याच तत्त्वाने वागतात : दाणे घेऊन परतणाऱ्या मुंग्या कमी झाल्या, की वारुळातून बाहेर पडणाऱ्यांची संख्याही घटते. मुंग्यांनी हा शोध आपल्या अभियंत्यांच्या कितीतरी आधी लावला, हे सांगण्याचा मोह आवरत नाही.

आकडी पत्ते माणसाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून संकेतस्थळांना नावे असतात. नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली. ती बिघडली, तर जोडणी शाबूत असूनही काहीच उघडत नाही.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. ती फोनपासून खोलीतील राउटरपर्यंतची बिनतारी जोडणी आहे. वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसत असले, तरी राउटरच्या पुढची तार तुटलेली असू शकते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो बिट आणि बाइट यांत. छायाचित्राचा आकार बाइटमध्ये मोजतात, तर जोडणीचा वेग बिटमध्ये. आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. शेतात अपलोडचा वेग सेकंदाला अर्धा मेगाबिट मिळत असेल, तर ४ मेगाबाइटच्या छायाचित्राला एक मिनिटाहून अधिक वेळ लागेल आणि तीस छायाचित्रांना अर्ध्या तासाहून अधिक. जाहिरातीत मिरविला जातो तो बहुधा डाउनलोडचा वेग. सर्वेक्षकाचे काम मात्र अपलोडवर चालते. सापळ्यातील संख्येच्या नोंदीला जेमतेम काहीशे बाइट पुरतात. म्हणून आधी संख्या पाठवावी. छायाचित्रे मुख्यालयी परतल्यावर पाठविली तरी चालते.

तक्रार करण्यापूर्वी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले, तर दोष सर्व्हरकडे असण्याची शक्यता अधिक. काहीच उघडत नसेल, तर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर प्रयत्न करावा. त्यावर चालले, तर दोष त्या वाय-फायच्या जोडणीत आहे. यांतील काय केले आणि पडद्यावर कोणता संदेश आला, ते वेळेसह तक्रारीत लिहावे. वैतागून ॲप मात्र काढून टाकू नये. फोनमध्ये साठलेल्या, अद्याप न पाठविलेल्या नोंदी त्याबरोबर बहुधा पुसल्या जातात.